दारात अडवलेला पाहुणा

सॅन फ्रान्सिस्को शहरातील चिनी वस्तीच्या कडेला सेंट मेरीज स्क्वेअर नावाचा चौक आहे. तेथे डॉ. सन यत्-सेन यांचा पुतळा उभा आहे. मस्तक व हात तांबूस ग्रॅनाइटचे, झगा मात्र चकचकीत पोलादाचा. बेनियामिनो बुफानो या इटलीत जन्मलेल्या शिल्पकाराने, बेकार कलावंतांना काम देण्याच्या अमेरिकन सरकारी योजनेत, 1930 नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो घडविला. चिनी प्रजासत्ताकाच्या जनकाचा पुतळा चिनी वस्तीत असावा, यात नवल ते काय, असे आपण म्हणू. नवल निराळेच आहे.

1882 साली अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केले. बाहेरून आलेल्या चिनी माणसास नागरिकत्वही नाकारले. सन यत्-सेन 1866 साली क्वांगतुंग प्रांतातील एका खेड्यात जन्मले. मांचू राजवट उलथण्यासाठी पैसा व माणसे मिळवावीत, म्हणून त्यांना अमेरिका गाठायची होती. 1904 साली त्यांनी आपला जन्म हवाई बेटांत झाल्याचा दाखला मिळविला. तो खरा नव्हता. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात अधिकाऱ्यांनी त्यांना अडकवून ठेवले. शहरातील 'ची कुंग तोंग' या चिनी संघटनेने वकील दिला, वरिष्ठांकडे दाद मागितली, तेव्हा कोठे सुटका झाली.

1906 च्या भूकंपात व आगीत शहराची जन्मदप्तरे जळाली. मग कित्येक चिनी रहिवाशांनी आपण येथलेच असे सांगितले आणि कागदोपत्री मुलगे दाखवून मायदेशातील तरुण आणविले. त्यांना लबाड म्हणणे सोपे आहे. पण मग चौकातल्या थोर पुरुषालाही तेच म्हणावे लागेल! अन्यायाच्या कायद्याने सरळ माणसांना वाकडी वाट धरायला लावली, असे म्हणणे आम्हांस अधिक न्याय्य वाटते.

पुतळा बसला तेव्हाही तो कायदा जारीच होता. 1943 साली, चीन युद्धातला मित्र ठरल्यावर, तो रद्द झाला. तरी वर्षाकाठी 105 माणसांपुरतेच दार किलकिले झाले. म्हणजे ज्या राज्याने हयातीत या पाहुण्याला धक्क्यावर रोखले, त्याच्याच पैशाने त्याचा पुतळा उभा राहिला. आणि तो पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांना मात्र तेथले नागरिक होता येत नव्हते.

याच चौकात, महायुद्धांत अमेरिकेसाठी प्राण दिलेल्या चिनी वंशाच्या सैनिकांचा स्मृतिफलक आहे. पुतळ्यापुढे हात जोडणाऱ्याने तोही वाचावा. दगडाचा सन्मान सर्वांनाच परवडतो. दारातल्या माणसाला आत घेणे, ही खरी परीक्षा.