पाठीवर कवटी, नावात वैतरणी

दादरा नगर हवेलीतल्या रानात साग भरपूर. या सागाची पानं खाणाऱ्यांत एक जाडजूड अळी असते. तिळावर, वांग्यावर, पावट्यावरही ती पोसते. शेपटाशी वाकडं, खरखरीत शिंग. डिवचली की डोकं आत ओढून पुढचा भाग उचलून बसते, थेट इजिप्तच्या स्फिंक्ससारखी. तिच्या पतंगकुळाला स्फिंजिडी म्हणतात ते यावरूनच. हॉक मॉथ हे इंग्रजी नाव.

अळीचा पतंग झाला की पाठीवर पिवळट कवटी उमटते.

या कवटीनेच नावं ठेवणाऱ्या शास्त्रज्ञांना झपाटलं. आफ्रिका-युरोपातल्या जातीला लिनियसने १७५८ साली ॲट्रोपॉस म्हटलं. आपल्याकडे सटवाई एकटीच कपाळी लेख लिहून जाते. ग्रीकांकडे हे काम तिघी बहिणींत वाटलेलं. एक आयुष्याचं सूत कातते, दुसरी मोजते, तिसरी तोडते. ॲट्रोपॉस ही तोडणारी. १७९८ साली फॅब्रिशियसने भारतातही आढळणाऱ्या जातीला मोजणारीचं नाव दिलं, लॅकेसिस. आता कातणारीची पाळी होती, पण १८४७ साली वेस्टवुडने आपल्याकडच्याच दुसऱ्या जातीला स्टिक्स केलं, म्हणजे पाताळातली नदी. तिन्हींचं प्रजातीनाम ॲकेरॉन्शिया, तेही ॲकेरॉन या नदीवरूनच! इथल्या कुणी बारसं केलं असतं तर वैतरणी सुचली असती; जवळपास त्याच नावाची खरीखुरी वैतरणा नदी शेजारच्या पालघर जिल्ह्यातून वाहतेच.

एवढ्या भयाण नावांचा धनी निघतो मधचोर. सोंड आखूड, दणकट. मेणाचं झाकण फोडायला सोयीची. स्टिक्स सातेरी मधमाशीच्या पोळ्यात शिरतो, ॲट्रोपॉस युरोपीय मधमाशीच्या. ॲट्रोपॉसच्या अंगावरची रसायनं मधमाशीच्या अंगावरच्या रसायनांशी जुळतात, हे १९९१ साली दाखवलं गेलं. वासाने घरचाच वाटणारा हा चोर. हातात धरला तर चक्क चिरकतो. घशात हवा ओढताना आणि बाहेर सोडताना निघणारा तो आवाज.

भारतातल्या स्फिंजिडी कुळाची सविस्तर वंशावळ बेल आणि स्कॉट यांनी १९३७ साली ग्रंथरूपात मांडली. यातले बेल निवृत्त वनाधिकारी, मुक्काम कारवार.

रसायनांचं गुपित उलगडलं त्याच १९९१ साली ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ हा चित्रपट आला आणि हा पतंग जगभर पोचला. पडद्यावर नाव घेतात आपल्या स्टिक्सचं. भित्तीपत्रकावर मात्र आफ्रिकेचा ॲट्रोपॉस.