हौशी खगोलछायाचित्रण

हौशी खगोलछायाचित्रण म्हणजे व्यवसाय म्हणून नव्हे, तर केवळ आवडीने केलेले आकाशस्थ वस्तूंचे छायाचित्रण होय. चंद्र, सूर्य, ग्रह व धूमकेतू यांबरोबरच तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका या सूर्यमालेबाहेरील अंधूक वस्तूही त्याचे विषय असतात. मानवी डोळा आलेला प्रकाश साठवून ठेवू शकत नाही आणि मंद प्रकाशात त्याला रंगही ओळखता येत नाहीत. कॅमेरा मात्र मिनिटेच काय, तासन्‌तास प्रकाश गोळा करू शकतो. त्यामुळे मोठ्या दुर्बिणीतूनही करड्या धुक्यासारखा दिसणारा मृग नक्षत्रातील तेजोमेघ लहानशा भिंगातून घेतलेल्या छायाचित्रात तांबूस व निळसर रंगांत उमटतो. प्रथमच दुर्बिणीतून पाहणाऱ्याची निराशा होते ती बहुधा यामुळेच. त्याने आधी छायाचित्रे पाहिलेली असतात.

इतिहास

चंद्राचे आरंभीचे यशस्वी छायाचित्र १८४० साली न्यूयॉर्क येथे जॉन विल्यम ड्रेपर यांनी डॅगेरोटाइप पद्धतीने घेतले. २ एप्रिल १८४५ रोजी फिझो व फूको या फ्रेंच शास्त्रज्ञांनी सूर्यबिंबाचे छायाचित्र घेतले; त्यात सौर डाग स्पष्ट दिसतात. १८५० मध्ये हार्वर्ड वेधशाळेत अभिजित ताऱ्याचे, तर २८ जुलै १८५१ रोजी कोनिग्सबर्ग येथे बेर्कोव्स्की यांनी खग्रास सूर्यग्रहणातील प्रभामंडळाचे छायाचित्र मिळविले.

तेजोमेघांचे छायाचित्रण मात्र प्रामुख्याने हौशी मंडळींनी सुरू केले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हेन्री ड्रेपर (जॉन ड्रेपर यांचे पुत्र) वैद्यकाचे शिक्षण घेतलेले होते. त्यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी ५१ मिनिटांच्या एक्सपोजरने मृगातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. इंग्लंडमधील अँड्र्यू एन्सली कॉमन हे पेशाने अभियंता. त्यांनी १८८३ मध्ये ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीने त्याच तेजोमेघाचे जे छायाचित्र घेतले, त्यात डोळ्याला कधीच न दिसलेले तारे उमटले होते. छायाचित्र हे केवळ नोंदीचे नव्हे, तर शोधाचेही साधन आहे, हे यातून सिद्ध झाले. १८८८ मध्ये आयझॅक रॉबर्ट्स या हौशी निरीक्षकाच्या काचपट्टीवर देवयानी दीर्घिकेची सर्पिल रचना प्रथमच स्पष्ट झाली. ती आपल्या आकाशगंगेबाहेरील स्वतंत्र दीर्घिका आहे, हे कळण्यास त्यानंतरही तीनेक दशके जावी लागली.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणामुळे आला. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकून ग्रहणाची व वर्णपटाची छायाचित्रे घेतली. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे पथकही तेथेच आले होते. पुणे येथील २० इंची दुर्बीण पुढे कोडाईकनाल येथे हलविण्यात आली. कोडाईकनाल वेधशाळेत विसाव्या शतकाच्या आरंभापासून सूर्याची नित्य छायाचित्रे घेतली गेली असून शंभर वर्षांहून अधिक काळाचा हा संग्रह संशोधकांना आजही उपयोगी पडतो.

फिल्मच्या काळात हा छंद अत्यंत कष्टाचा होता. लांब एक्सपोजरमध्ये फिल्मची संवेदनशीलता घटत जाते. त्यामुळे एका चित्रासाठी तासभर नेत्रिकेतील उभ्या-आडव्या तारांच्या छेदावर एखादा तारा धरून ठेवावा लागे, आणि चूक झाली की नाही हे फिल्म धुतल्यावरच कळे. १९६९ मध्ये बॉइल व स्मिथ यांनी बेल प्रयोगशाळेत सीसीडी हे प्रकाशसंवेदक साधन कल्पिले; त्यांना २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सीसीडी आणि नंतरचे सीमॉस संवेदक सामान्यांच्या आवाक्यात आल्यावर या छंदाचे स्वरूप पालटले.

चंद्र

नवशिक्याने चंद्रापासून आरंभ करावा, असे अनुभवी मंडळी सांगतात आणि ते योग्यच आहे. चंद्र म्हणजे उन्हात पडलेला खडक. त्याला एक्सपोजरही भर उन्हातील दृश्याइतकेच लागते. पौर्णिमेच्या चंद्रासाठी छिद्र एफ-११ आणि आयएसओ १०० असता एक शतांश सेकंद पुरतो. स्वयंचलित पद्धतीवर ठेवलेला कॅमेरा काळे आकाश पाहून जास्त प्रकाश घेतो व चंद्राचा पांढरा ठिपका करून टाकतो. चंद्राचे कोनीय माप सुमारे अर्धा अंश आहे; १,००० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत त्याची प्रतिमा सुमारे ९ मिलिमीटर व्यासाची पडते.

पौर्णिमा ही चंद्राच्या छायाचित्रणासाठी वस्तुतः प्रतिकूल तिथी होय. त्या दिवशी ऊन समोरून पडत असल्याने सावल्या नसतात आणि चंद्रबिंब सपाट दिसते. शुद्ध किंवा वद्य अष्टमीच्या आसपास प्रकाश व अंधार यांच्या सीमारेषेवर टायको, कोपर्निकस, क्लॅव्हियस ही विवरे आणि ॲपेनाइन पर्वतरांग लांब सावल्यांसह उठून दिसतात.

विवरांचे बारकावे टिपण्यातील मोठा अडथळा म्हणजे वातावरणाची थरथर. तिच्यावर उपाय म्हणून एक छायाचित्र न घेता काही हजार चौकटींचा व्हिडिओ घेतात. त्यातील हवा क्षणभर स्थिर असतानाच्या मोजक्या चौकटी ऑटोस्टॅकर्ट किंवा रेजिस्टॅक्स यांसारख्या संगणक प्रणाली निवडतात व एकमेकींवर बसवितात. ग्रहांसाठीही हीच पद्धत वापरतात. तिला खर्चिक माउंट लागत नाही. घरी आरसा घासून तयार केलेली डॉब्सोनियन दुर्बीणही चालते.

सूर्य

सूर्याचे छायाचित्रण हा या छंदाचा एकमेव धोकादायक भाग आहे. दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभर पाहिले तरी डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. नेत्रपटलाला वेदनेची जाणीव नसल्याने ती होत असताना कळतही नाही. संरक्षक फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, म्हणजे सूर्याच्या बाजूला, घट्ट बसविलेला असावा लागतो. डोळ्याने पाहण्यासाठीचा फिल्टर सुमारे एक लाखांश प्रकाशच आत सोडतो. केवळ छायाचित्रणासाठी याहून फिकट फिल्म मिळते. ती लावून डोळ्याने पाहू नये. जुन्या लहान दुर्बिणींसोबत नेत्रिकेत बसविण्याचे गडद काचेचे फिल्टर येत. एकवटलेल्या उष्णतेने ते तडकतात, म्हणून ते टाकून द्यावेत. काजळी धरलेली काच, एक्स-रे फिल्म किंवा सीडी यांपैकी काहीही सुरक्षित नाही. मुख्य दुर्बिणीवर फिल्टर लावला, पण तिच्या अंगावरची छोटी शोधक दुर्बीण उघडीच राहिली, ही चूक शालेय कार्यक्रमांत नेहमी संभवते. तिथे मुलांचा डोळा आधी त्या छोट्या नळीलाच लागतो.

पांढऱ्या प्रकाशाच्या फिल्टरमधून सूर्याचे दीप्तिगोल व त्यावरील डाग दिसतात. त्याच्या वरचा वर्णगोल आणि कडेवरून उसळणाऱ्या ज्वाळा टिपण्यासाठी हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीवरील विशेष सौरदुर्बीण लागते. तिचा प्रकाशपट्टा एक दशांश नॅनोमीटरहूनही अरुंद असतो. याच तरंगलांबीचे तेजोमेघांसाठीचे फिल्टर ३ ते ७ नॅनोमीटर पट्ट्याचे असतात व दोहोंवर 'हायड्रोजन-अल्फा' हेच नाव छापलेले असते. नामसाम्याला भुलून तेजोमेघाचा फिल्टर सूर्यासाठी वापरणे म्हणजे डोळा गमावण्याची तयारी होय.

जमीन तापण्यापूर्वीची सकाळची वेळ सूर्याच्या छायाचित्रणास चांगली. दुपारी छपरांवरून व डांबरी रस्त्यांवरून उठणारी गरम हवा प्रतिमा डळमळविते. ग्रहणात फिल्टर काढता येतो तो फक्त खग्रास स्थितीच्या मोजक्या मिनिटांत. कंकणाकृती किंवा खंडग्रास ग्रहणात तो कधीच काढता येत नाही. २६ डिसेंबर २०१९ चे कंकणाकृती ग्रहण दक्षिण भारतातून दिसले. २ ऑगस्ट २०२७ चे खग्रास ग्रहण पश्चिम भारतातून खंडग्रास असेल, परंतु ते ऐन पावसाळ्यात आहे. भारतातून खग्रास स्थिती दिसणारे पुढील ग्रहण २० मार्च २०३४ रोजी लडाख भागात होईल.

खोल आकाशातील वस्तू

पृथ्वीच्या परिवलनामुळे विषुववृत्ताजवळील तारा दर सेकंदाला १५ विकला सरकतो. स्थिर तिपाईवरील कॅमेऱ्यात काही सेकंदांतच ताऱ्याची रेघ होते. म्हणून पृथ्वीच्या अक्षाशी समांतर अक्षाभोवती फिरणारे विषुववृत्तीय माउंट लागते. या छंदात पैसा कोठे घालावा, असे विचारल्यास उत्तर माउंट हेच आहे. मोठी दुर्बीण आणि डगमगते माउंट यांपेक्षा लहान भिंग आणि भक्कम माउंट केव्हाही श्रेयस्कर. अक्ष ध्रुवताऱ्याच्या अनुरोधाने लावावा लागतो. पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १८-१९ अंशांवर असतो. उत्तरेला इमारत, डोंगर किंवा आंब्याचे झाड असले की तो दिसतच नाही. अशा वेळी अन्य ताऱ्यांचे सरकणे पाहून अक्ष जुळवावा लागतो. त्याबदल्यात युरोपातील निरीक्षकांना दुर्लभ असलेला नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा भव्य तारकागुच्छ येथून एप्रिल-मे महिन्यांत सहज टिपता येतो.

एका लांब एक्सपोजरऐवजी अनेक लहान एक्सपोजर घेऊन ती संगणकावर एकत्र करणे, ज्याला स्टॅकिंग म्हणतात, हा आजच्या पद्धतीचा गाभा आहे. वस्तूचा प्रकाश प्रत्येक चित्रात त्याच जागी असतो; संवेदकातील व आकाशातील यादृच्छिक नॉइज मात्र दर वेळी वेगळा असतो. चित्रे मिळविल्यावर वस्तू व नॉइज यांचे गुणोत्तर चित्रसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. १६ चित्रांनी ते चौपट होते, पण पुन्हा दुप्पट करण्यास ६४ चित्रे लागतात. म्हणूनच सुधारणा आरंभी झपाट्याने होते आणि पुढे संयमाची परीक्षा पाहते. यांखेरीज झाकण लावून घेतलेली 'डार्क' चित्रे संवेदकाचे उष्णताजन्य दोष काढण्यास आणि एकसारख्या उजळ पृष्ठभागाची 'फ्लॅट' चित्रे धूळ व कडांचा काळोख काढण्यास लागतात. फ्लॅट चित्रांचा आळस करणाऱ्यास पुढे संगणकापुढे कितीतरी रात्री घालवाव्या लागतात. डीपस्कायस्टॅकर व सिरिल या प्रणाली या कामासाठी विनामूल्य उपलब्ध आहेत.

कॅमेऱ्याच्या एका चित्रबिंदूत आकाशाचा किती भाग येतो, हे काढण्यासाठी चित्रबिंदूच्या मायक्रोमीटरमधील मापाला २०६ ने गुणून नाभीय अंतराच्या मिलिमीटरने भागावे. ३.७६ मायक्रोमीटरचा चित्रबिंदू व ४०० मिलिमीटरचे भिंग असता उत्तर सुमारे १.९ विकला येते. सर्वच लक्ष्यांना मोठे वर्धन लागते, ही समजूत चुकीची आहे. सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूरची देवयानी दीर्घिका आकाशात तीन अंश, म्हणजे सहा पूर्णचंद्रांइतकी, पसरलेली आहे; २०० मिलिमीटरचे साधे भिंगही तिला उत्तम. कृत्तिका, मृगातील तेजोमेघ आणि धनू राशीतील लगून तेजोमेघ हीदेखील आरंभास योग्य लक्ष्ये होत.

हौशी छायाचित्रकारांचे शोध

जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेतील जे मॅकनील यांना अवघ्या तीन इंची दुर्बिणीच्या छायाचित्रात मृगामध्ये पूर्वी नसलेला एक तेजोमेघ आढळला. १९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियातील अँथनी वेस्ली यांनी गुरूवर आघाताचा ताजा काळा डाग टिपला. २० सप्टेंबर २०१६ रोजी अर्जेंटिनातील रोसारिओ येथे व्हिक्टर बुसो हे नवा कॅमेरा तपासून पाहत असता त्यांच्या चित्रमालिकेत एका अतिनवताऱ्याचा स्फोट अगदी प्रारंभापासून नोंदला गेला. व्यावसायिक वेधशाळांनाही असा क्षण ठरवून साधता येत नाही. ड्रेक्सलर, स्ट्रॉटनर व सेंटी यांनी शंभराहून अधिक तासांच्या एक्सपोजरमधून देवयानी दीर्घिकेच्या शेजारी आयनीभूत ऑक्सिजनची एक विशाल कमान शोधली. आकाशातील सर्वांत जास्त छायाचित्रित दीर्घिकेजवळ ती इतकी वर्षे कोणालाही दिसली नव्हती.

रंग व सत्यता

'हे रंग खरे आहेत का?' हा प्रश्न प्रत्येक प्रदर्शनात विचारला जातो. हायड्रोजनचा तांबडा रंग खरा आहे. डोळा तो अंधारात ओळखू शकत नाही इतकेच. गंधक, हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या अरुंद पट्ट्यांतील चित्रांना अनुक्रमे तांबडा, हिरवा व निळा रंग देण्याची हबल दुर्बिणीच्या चित्रांमुळे रूढ झालेली पद्धत मात्र सांकेतिक आहे. तसे सांगितल्यास त्यात फसवणूक नाही. न सांगता चंद्रबिंब मोठे करून वेगळ्या दृश्यावर डकविणे, किंवा काही मोबाइल करतात त्याप्रमाणे आधी शिकविलेल्या चंद्रचित्रांवरून न टिपलेले तपशील भरणे, यास छायाचित्रण म्हणावे काय, याबद्दल मतभेद आहेत. संवेदकावर पडलाच नाही असा तपशील चित्रात आला, तर ते चित्रकलेत जमा करणे अधिक प्रामाणिक ठरेल. म्हणून उपकरणे, एक्सपोजर, स्थळ आणि केलेली प्रक्रिया चित्रासोबत लिहिण्याचा प्रघात आहे.

महाराष्ट्रातील परिस्थिती

जून ते सप्टेंबर हे महिने महाराष्ट्रात बहुतांशी वाया जातात. पावसाने धुतलेल्या हवेत ऑक्टोबरनंतर आकाश स्वच्छ असते आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मुख्य हंगाम होय. त्या काळात भिंगावर दव धरू नये म्हणून उष्णता देणारी पट्टी गुंडाळतात. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था (स्थापना १९४४) आणि मुंबईचे खगोल मंडळ या संस्था आकाशनिरीक्षणाचे कार्यक्रम घेतात. खगोल मंडळाच्या कार्यक्रमांमुळे परिचित झालेल्या वांगणीसारख्या ठिकाणांपर्यंतही आता शहरांचा उजेड पोहोचला आहे. आकाशाच्या काळोखाचे मोजमाप जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेल्या नऊ पायऱ्यांच्या श्रेणीने करतात. शहरांचे मध्यभाग आठव्या-नवव्या पायरीवर येतात. जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळा प्रकाश फिल्टरने बराचसा अडविता येत असे. पांढऱ्या एलईडी दिव्यांचा प्रकाश सर्व तरंगलांबींत पसरलेला असल्याने तो उपाय आता अपुरा पडतो.

लडाखमधील हानले परिसर २०२२ मध्ये 'डार्क स्काय रिझर्व्ह' म्हणून अधिसूचित झाला. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पास भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली.