टिकलीची तलवार

विल्किन्सन म्हटले की आपल्याला दाढीचे पाते आठवते. १७७२ मध्ये लंडनला हेन्री नॉकने दुकान थाटले ते मात्र बंदुकांचे. त्याच्यामागे धंदा जेम्स विल्किन्सनकडे आला. तलवारीचे वेड शिरले ते जेम्सच्या मुलाच्या, हेन्रीच्या डोक्यात.

त्या वेळी ब्रिटिश पायदळातल्या अधिकाऱ्याच्या तलवारीच्या पाठीवरून सळईसारखा गोल कणा गेलेला असे. दिसायला देखणी, पण घाव घातला की धार आत शिरायची आणि जाड पाठ बाहेर अडायची. हेन्रीच्या पात्यात तो कणा गेला आणि दोन्ही अंगांना उथळ पन्हळ आली. वजन आटोक्यात, ताठपणा शाबूत. १८४५ मध्ये सैन्याने हे पाते स्वीकारले. पाते वाकवून, आपटून पाहायचे आणि परीक्षेला उतरले तरच मुठीजवळ गोल टिकली ठोकायची, ही त्याची शिस्त. पुढे पाठीवर क्रमांक पडू लागला आणि गिऱ्हाइकाचे नाव वहीत चढू लागले. जाहिरातीपेक्षा ही टिकलीच जास्त बोलली असणार.

तलवारीने कापायचे की भोसकायचे, हा युरोपातला जुना वाद. मध्ययुगातली रुंद दुधारी तलवार कापणारी. अंगभर पोलादी चिलखत आले तशी फटी शोधणारी टोके निमुळती झाली. मग लांब, बारीक रेपियर आली. घोडदळाने वक्र सेबर उचलली आणि गाडी पुन्हा कापण्यावर आली. (आपल्याकडे युरोपी पात्याला देशी मूठ चढवलेली फिरंग मात्र सरळच असे.) ब्रिटिश घोडदळाने १९०८ मध्ये निकाल लावला: फक्त भोसकायचे. ३५ इंचांचे सरळ, अरुंद पाते, हात झाकणारी वाटीसारखी परज, मुठीत अंगठ्यासाठी खळगा. विल्किन्सननेही या तलवारी घडवल्या. इतकी विचारपूर्वक आखलेली तलवार हाती आली आणि सहाच वर्षांत समोर मशीनगन उभी!

कंपनी तोवर वस्तऱ्यांकडे वळली होती. मोटरसायकलीही करून झाल्या. तलवारीला शेवटचा मोठा मान मिळाला १९४३ मध्ये. राजे सहावे जॉर्ज यांनी स्टालिनग्राडच्या नागरिकांसाठी विल्किन्सनकडून घडवून घेतलेली तलवार चर्चिलनी तेहरानमध्ये स्टालिनच्या हाती दिली. स्टालिनने ती मार्शल वोरोशिलोव्हकडे सोपवली आणि त्याच्या हातात ती म्यानातून घसरली.

१९६० च्या दशकाच्या आरंभी विल्किन्सनच्या दाढीच्या स्टेनलेस पात्याने प्रतिस्पर्धी जिलेटची झोप उडवली. २००५ मध्ये तलवारींचे काम थांबले. दाढीची पाती चालूच आहेत.