शौचालयाचा खड्डा, बोअरचे पाणी आणि तान्हे बाळ: नायट्रेटचा धोका कसा ओळखावा?

तुमच्या घरात सहा महिन्यांच्या आतले बाळ आहे, त्याला पावडरचे दूध चालू आहे आणि ते दूध विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात कालवले जाते? मग त्या पाण्यातील नायट्रेट तपासून घ्या. नायट्रेटला रंग, वास किंवा चव नसते. त्यामुळे नितळ दिसणाऱ्या पाण्यातही ते असू शकते.

केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या भूजल गुणवत्ता अहवालात, नायट्रेट जास्त असलेल्या देशातील 15 जिल्ह्यांमध्ये नांदेडचे नाव आहे. शेजारच्या लातूरमध्येही वाड्या-वस्त्यांवर बोअरचाच आधार असतो, म्हणून तेथेही काळजी घ्यावी.

बाळाला धोका का?

नायट्रेटचे शरीरात नायट्राइट होते. ते रक्तातील हिमोग्लोबिन बदलते आणि बदललेले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहू शकत नाही. मोठ्यांचे शरीर ही चूक लगेच दुरुस्त करते, पण तान्ह्या बाळात ती ताकद कमी असते. त्याचे ओठ, नखे निळसर-करडी पडतात. विहिरीच्या पाण्याशी या आजाराचा संबंध 1945 मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉमली यांनी दाखवला.

नायट्रेट येते कोठून?

युरिया, उकिरडा, गोठा आणि शौचालयाचा खड्डा ही नेहमीची कारणे आहेत. एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला साधारण 3 किलो नायट्रोजन बाहेर पडतो, त्यातील बहुतांश लघवीतून. मातीतील जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. सेप्टिक टँकमध्ये गाळ खाली बसतो, पण नायट्रोजन बहुतेक पाण्याबरोबर बाहेर जातो.

एक ढोबळ हिशेब पाहा. पाच माणसांचा 15 किलो नायट्रोजन पूर्णपणे जमिनीत उतरला, तर सुमारे 66 किलो नायट्रेट तयार होईल. ते सुरक्षित मर्यादेपर्यंत पातळ व्हायला सुमारे 15 लाख लिटर पाणी लागेल. वर्षाला 80 मिलिमीटर पाऊस जमिनीत मुरतो असे धरले, तर हे साडेचार एकरांवरचे पाणी झाले. प्रत्यक्षात थोडा नायट्रोजन हवेत जातो आणि थोडा झाडे घेतात. तरीही मळ्यातील एकटे घर आणि दाटीने वसलेले गावठाण यांच्या धोक्यात मोठा फरक असतो.

मग शोषखड्डे वाईट का?

नाही. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी सांडपाण्याचे शोषखड्डे घेऊन उघडी गटारे आणि डास हटवले. तोच पुढे ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ओळखला गेला. नहाणी आणि मोरीच्या पाण्यात नायट्रोजन कमी असतो. शौचालयाचे पाणी मात्र त्या खड्ड्यात सोडू नका.

तुमच्या अंगणात काय पाहाल?

- खड्डा विहिरीपासून किती दूर आहे? साधारण 15 मीटर (50 फूट) अंतर सांगितले जाते, पण ते मुख्यतः जंतूंसाठी आहे. जंतू मातीत अडकतात, नायट्रेट अडकत नाही. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या भेगांतून ते आणखी दूर जाऊ शकते.
- खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला, उताराच्या दिशेने आहे का?
- पावसाळ्यात खड्ड्याच्या तळाशी पाणी लागते का?
- शेजाऱ्यांचे खड्डे, उकिरडा, गोठा किती जवळ आहेत?
- कोरड्या बोअरमध्ये किंवा जुन्या आडात सांडपाणी सोडले आहे का? असेल तर आजच बंद करा. तेथून घाण थेट भूजलात जाते.

यापैकी एक-दोन गोष्टी जरी लागू असल्या, तरी तपासणी टाळू नका.

तपासणी कशी करावी?

ग्रामपंचायतीकडे चौकशी करा किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्या. एकदा उन्हाळ्याच्या शेवटी आणि एकदा पावसाळ्यानंतर तपासणी करा. भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. अहवालात ‘नायट्रेट-नायट्रोजन’ असे लिहिले असेल, तर तीच मर्यादा सुमारे 10 मिलिग्रॅम होते. एकक नीट वाचा.

प्रमाण जास्त आल्यास

- पाणी उकळू नका. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते.
- ब्लीचिंग पावडर, तुरटी, कँडल फिल्टर आणि यूव्ही यांचाही उपयोग होत नाही. आरओ नायट्रेट कमी करतो, पण आरओचे पाणीही तपासून घ्या.
- बाळासाठी आणि गरोदर बाईसाठी तपासलेल्या दुसऱ्या ठिकाणचे पाणी आणा.
- आईने असे पाणी प्यायले असले, तरी अंगावरचे दूध बाळासाठी सुरक्षित असते. पहिले सहा महिने फक्त आईचेच दूध द्या. वरचे पाणी किंवा घुटी नको.

डॉक्टरांकडे कधी जावे?

बाळाचे ओठ, जीभ किंवा नखे निळसर दिसली, बाळ सुस्त झाले, दूध ओढेना किंवा धाप लागली, तर घरी वाट पाहू नका. 108 वर फोन करा किंवा थेट रुग्णालयात जा. बाळाला कोणत्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी दिले, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. प्राणवायू देऊनही रंग सुधारत नसेल, तर ही माहिती निदानाला दिशा देते. या आजारावर रुग्णालयात औषध आहे, आणि वेळेत उपचार मिळाल्यास बाळ सहसा पूर्ण बरे होते.