स्मृतीतील साखळी

विचार करू लागलेला मनुष्य आपल्याला किती कल्पना सुचणार आहेत, याचा हिशेब आधी मांडून ठेवीत नाही. प्रारंभीच्या गणकयंत्रांना मात्र तो आधीच द्यावा लागे. गणकयंत्राची स्मृती म्हणजे क्रमांक घातलेल्या कप्प्यांची ओळ. शंभर संख्यांसाठी लागोपाठचे शंभर कप्पे राखून ठेवावयाचे. मध्येच एखादी संख्या घालावयाची झाली, तर पुढच्या साऱ्या एकेक कप्पा सरकवावयाच्या. आकडेमोडीला ही व्यवस्था पुरे. तर्काला ती पुरेना.

१९५५-५६ साली अमेरिकेत ॲलन न्यूएल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन यांनी तर्कशास्त्रातील प्रमेये सिद्ध करणारी 'लॉजिक थिअरिस्ट' ही आज्ञावली रचली. एका प्रश्नातून किती उपप्रश्न फुटतील, हे आधी कोणास सांगता येणार? सर्वांसाठी जागा राखावी, तर रँड संस्थेच्या 'जॉनियाक' यंत्राची मुख्य स्मृती अवघी ४०९६ कप्प्यांची!

त्यांनी काढलेला तोडगा साधा होता. प्रत्येक नोंदीजवळच पुढच्या नोंदीचा पत्ता लिहून ठेवावयाचा. एका घरी चिठ्ठी मिळावी, तीत पुढच्या घराचा पत्ता असावा, तसा हा प्रकार. घरे शेजारी असण्याचे कारणच उरले नाही. नवी नोंद मिळेल त्या रिकाम्या कप्प्यात ठेवावी. आधीच्या नोंदीत तिचा पत्ता लिहावा आणि तिच्यात पुढच्या नोंदीचा. इतरांना धक्काही लागत नाही. हीच 'लिंक्ड लिस्ट'. तिच्या आधारे या आज्ञावलीने व्हाइटहेड व रसेल यांच्या 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका'तील दुसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या ५२ प्रमेयांपैकी ३८ सिद्ध केली.

या सोयीची किंमतही द्यावी लागते. शंभरावी नोंद हवी, तर आधीच्या नव्याण्णव ओलांडाव्या लागतात. पत्तेही जागा अडवितात. आणि एक पत्ता पुसला गेला, तर पुढची सारी साखळी यंत्रात असूनही हरवते. निकामी कप्पे मोकळे करण्याचे कामही प्रथम आज्ञावली लिहिणाऱ्याकडेच असे. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली आरंभिलेल्या 'लिस्प' भाषेत ते यंत्रावरच सोपविण्यात आले: ज्या कप्प्यापर्यंत कोणताच दुवा पोहोचत नाही, तो मोकळा समजावा.

न्यूएल आणि सायमन यांना १९७५ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आजच्या यंत्रांत पुष्कळ कामांसाठी लागोपाठच्या कप्प्यांची जुनी मांडणीच अधिक वेगवान ठरते. तथापि किती पाहुणे येणार हे ठाऊक नसताना पंगत मांडावयाची असेल, तेथे ही साखळी अजूनही उपयोगी पडते.