साडेतीनशे आणि तीस

मागच्या वीकांताला नाशिकला घरी गेलो होतो. काकांनी अंबडचा गाळा विकला त्याला आता बरीच वर्षं झाली, पण त्याची कागदपत्रं अजून आमच्या माळ्यावर दोन पत्र्याच्या ट्रंकांत पडून आहेत. "दिवसभर त्या लॅपटॉपपुढे बसतोस, त्यापेक्षा एवढं निस्तरून टाक," असा आईचा हुकूम सुटला. आईच्या हुकमाला आमच्या घरात 'कॅन्ट रिप्रोड्यूस' असं उत्तर देता येत नाही.

काकांचं प्लेटिंगचं छोटं युनिट होतं. निकेल, क्रोम आणि झिंक. गाड्यांचे नट-बोल्ट, ब्रॅकेट, हँडल यांना चकाकी द्यायची आणि गंजापासून वाचवायचं, हा धंदा. ट्रंकेत बिलं, चलनं, वीजबिलं, आणि तळाशी एका फायलीत प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र (काकांच्या भाषेत 'कन्सेंट'). त्यामागे टाचलेली एक झेरॉक्स होती: केंद्र सरकारच्या पर्यावरण नियमांतला सांडपाण्याचा तक्ता. टेबल दिसलं की ते वाचायचंच, ही आमच्या व्यवसायातली खोड. तिथेच मांडी घालून वाचत बसलो.

तक्त्याला चार रकाने आहेत. सांडपाणी नदी-नाल्यात सोडायचं असेल तर किती घाण चालेल, सार्वजनिक गटारात सोडायचं असेल तर किती, शेतीच्या जमिनीवर किती, आणि समुद्रात किती. बीओडी या ओळीत नदीपुढे लिहिलंय ३० आणि गटारापुढे ३५०. (बीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण खाऊन संपवताना जंतूंना लागणारा प्राणवायू, दर लिटरला किती मिलिग्रॅम ते. आकडा जितका मोठा तितकं पाणी घाण.)

मला पहिल्यांदा वाटलं झेरॉक्समध्ये काहीतरी चुकलंय. गटारात जवळजवळ बारापट घाण चालते? पण गटार तर शेवटी नदीलाच मिळतं! काकांना विचारलं. ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "अरे, गटार पुढे प्लांटला जातं ना. बाकीचं तिथे बघतात."

हे एक वाक्य बनायला जवळजवळ शंभर वर्षं लागली आहेत, हे नंतर दोन-तीन रविवार वाचल्यावर कळलं. तीच ही गोष्ट.

आधी गुन्हा, मग सक्ती

सुरुवात लंडनपासून करावी लागते, कारण आपल्याकडच्या या कायद्यांचे साचे बरेचसे तिकडून आलेले आहेत. तिथे १८१५ पर्यंत घरातला मैला सार्वजनिक गटारात सोडणं हा चक्क गुन्हा होता. गटारं पावसाच्या पाण्यासाठी. मैल्यासाठी घरोघर खड्डे, आणि ते उपसून शेतावर नेणारी माणसं. पुढे फ्लशचे संडास आले, खड्डे भरून वाहायला लागले, १८१५ मध्ये परवानगी मिळाली आणि १८४० च्या दशकाच्या शेवटी तर घराची जोडणी गटाराला देणं सक्तीचं झालं. एका माणसाच्या हयातीत गुन्ह्याचं कर्तव्य झालं! परिणाम व्हायचा तोच झाला. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स इतकी नासली की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये भिजवून टांगायची वेळ आली. मग बॅझलगेट साहेबांनी शहराखालून प्रचंड गटारं बांधली.

गटारं झाली म्हटल्यावर कारखाने कसे मागे राहतील? त्यांनीही आपले पाइप जोडले. १८९० च्या इंग्लिश सार्वजनिक आरोग्य कायद्यात मग बंदी आली. प्रवाह अडेल असं काही टाकायचं नाही, अपायकारक ठरेल असा रासायनिक कचरा सोडायचा नाही, आणि ११० अंश फॅरनहाइटपेक्षा गरम पाणी सोडायचं नाही. ११० फॅरनहाइट म्हणजे सुमारे ४३ सेल्सियस. आपल्या भारतीय मानकात (आयएस ३३०६, हे खास सार्वजनिक गटारात सोडायच्या औद्योगिक पाण्यासाठीचं) हीच मर्यादा ४५ अंश आहे. एवढ्या वर्षांत दोन अंशांचा फरक!

मग १९३७ मध्ये तिथे उलटा विचार झाला. कारखान्याला गटार वापरायचा हक्कच द्यायचा, पण संमती घेऊन आणि अटी पाळून. कशासाठी? तर प्रत्येक छोट्या कारखानदाराने स्वतःचा पूर्ण प्लांट उभा करण्यापेक्षा सगळ्यांचं पाणी एकत्र शुद्ध करणं स्वस्त पडतं. काकांच्या फायलीतला 'कन्सेंट' हा शब्द याच घराण्यातला.

तीस हा आकडा कुठला?

१८९८ मध्ये ब्रिटनने सांडपाण्यावर एक रॉयल कमिशन नेमलं. ते १९१५ पर्यंत चाललं (आपल्याकडचे आयोग उगाच बदनाम आहेत). १९१२ च्या अहवालात त्यांनी आकडा दिला: शुद्ध केलेल्या पाण्याचा बीओडी २० पेक्षा जास्त नको, तरंगणारा गाळ ३० पेक्षा जास्त नको. तपासणी पाच दिवसांची. पाचच का, तर इंग्लंडमधल्या कुठल्याही नदीचं पाणी तेवढ्यात समुद्राला मिळतं म्हणून, असं सांगतात.

पण या आकड्याला एक अट होती, आणि नाशिककरांनी ती नीट वाचावी. हे पाणी ज्या नदीत सोडाल तिच्यात त्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी वाहत असलं पाहिजे.

आता गोदावरी डोळ्यांपुढे आणा. ती नाशिकहून निघते तेव्हा समुद्र पाच दिवसांवर नसतो, पूर्ण दख्खन ओलांडायचं असतं, जवळजवळ १४०० किलोमीटर. आणि एप्रिल-मे महिन्यात रामकुंडापाशी नदीत किती पाणी असतं, हे बरंचसं गंगापूर धरणातून किती सोडलंय त्यावर ठरतं. आठपट स्वच्छ पाणी आणायचं कुठून? आपण चाचणी बदलली (पाच दिवस २० अंशांऐवजी तीन दिवस २७ अंश, आपल्या हवेला साजेशी), पण आठपटीची अट आपल्या नद्यांनी कधी मान्यच केली नव्हती.

आपल्याकडे

महाराष्ट्र या बाबतीत खरं तर पुढे होता. राज्याने १९६९ मध्येच स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापन झालं. केंद्राचा जलप्रदूषण कायदा १९७४ चा. तो महाराष्ट्राने १९८१ मध्ये स्वीकारला. दुसऱ्याच वर्षी, १९८२ मध्ये, नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर आणि आजूबाजूची गावं मिळून नाशिक महानगरपालिका झाली. म्हणजे सातपूरची औद्योगिक वसाहत आधी, महापालिका नंतर. मायको सर्कलवरून रोज जाणाऱ्याला हा क्रम लक्षात येत नाही, पण कारखान्यांचं पाणी आणि शहराचं गटार यांची गाठ अशी उशिरा पडली.

१९७४ च्या कायद्यातलं मुख्य कलम म्हणत होतं की विषारी किंवा घाण पदार्थ 'प्रवाहात किंवा विहिरीत' सोडायचे नाहीत. गटाराचं नावच नव्हतं! 'गटारात किंवा जमिनीवर' हे शब्द त्यात १९८८ च्या दुरुस्तीने आले. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना हा बग ओळखीचा वाटेल: पुढचा दरवाजा कडेकोट आणि मागचा सताड उघडा. दरम्यान १९८४ ला भोपाळ घडलं होतं, १९८६ ला पर्यावरण संरक्षण कायदा आला होता, आणि १९९३ मध्ये त्याच्या नियमांत सर्वसाधारण मानकांचा तो चार रकान्यांचा तक्ता आला. काकांच्या झेरॉक्सवर हाच तक्ता होता.

दोन रकान्यांचा करार

तर ३५० का? आपल्या घरांतून जे सांडपाणी निघतं त्याचा बीओडी साधारण दोनशे-तीनशेच्या आसपास असतो. म्हणजे नियम कारखान्याला सांगतो, 'तुझं पाणी साधारण घरच्या पाण्याइतकंच घाण असू दे. त्यापुढचं, साडेतीनशेपासून तीसपर्यंत आणायचं काम, महापालिकेचा प्लांट करेल.' हा सरळ सरळ इंटरफेस आहे. एका बाजूने इनपुट ठरलेल्या मर्यादेत द्यायचा, दुसऱ्या बाजूने आउटपुटची हमी द्यायची. प्लांट नसेल किंवा बंद असेल, तर ३५० ला काही अर्थ उरत नाही. मग ते फक्त नदीत घाण टाकायचं परवानापत्र होतं.

आणि सगळ्याच ओळी बीओडीसारख्या नाहीत. तक्त्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम बघा: नदीला ०.१, गटाराला २. सायनाइड: नदीला ०.२, गटाराला २. प्लांटमध्ये काम करतात ते जंतू. त्यांना आपलं उरलंसुरलं वरण-भात पचतं, क्रोमियम पचत नाही. ते थोडं गाळात बसतं, थोडं पुढे जातं, आणि जास्त झालं तर जंतूच मरतात. मग त्या दिवशी घरांचं साधं पाणीही शुद्ध न होता बाहेर पडतं. म्हणून धातूचा बंदोबस्त कारखान्याच्या दारातच करावा लागतो. काकांनी लहानपणी मला दाखवलं होतं: क्रोमचं पिवळं पाणी, त्यात आम्ल आणि सोडियम मेटाबायसल्फाइट टाकलं की हिरवं होतं (विषारी क्रोमियमचं कमी विषारी क्रोमियम होतं), मग चुना टाकायचा, हिरवा गाळ खाली बसतो. मला ती जादू वाटायची.

नाशिकमध्ये हा करार जिथे पूर्ण व्हायचा त्यातली एक जागा आहे आगर टाकळी. सातपूर वसाहतीजवळून निघून शहराच्या मधून येणारी नासर्डी इथे गोदावरीला मिळते. नासर्डीचं खरं नाव नंदिनी. याच संगमावर समर्थ रामदासांनी पाण्यात उभं राहून बारा वर्षं जप केला, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. त्याच टाकळीला आज मलजल शुद्धीकरण केंद्र आहे. आज त्या पाण्यात बारा मिनिटं उभं राहायला मी तयार नाही.

साडेपाच

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

तक्त्यातली पीएचची ओळ मला कंटाळवाणी वाटली होती. नदीला ५.५ ते ९, गटारालाही ५.५ ते ९. इथे सूट का नाही? मी काकांना सहज विचारलं. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी सांगितलं.

एका पावसाळ्यात, ऑर्डरची घाई असताना, त्यांची प्रक्रियेची टाकी भरली होती. रात्री जोराचा पाऊस चालू होता. त्यांनी व्हॉल्व्ह उघडला. पिकलिंगचं आम्ल तसंच्या तसं गटारात गेलं. पावसात काय कळणार आहे! सकाळी गाळ्यावर आले तर कोपऱ्यावरचं चेंबर उघडं, शेजारी बादली-दोर, आणि एक माणूस आत उतरत होता. गटार तुंबलं होतं.

गटारातल्या गाळात सल्फाइड असतं. त्यावर आम्ल पडलं की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. आणि काकांच्याच गाळ्यात झिंकसाठी सायनाइडची बाथ होती. सायनाइडवर आम्ल पडलं तर काय होतं, हे प्लेटिंगवाल्याला सांगावं लागत नाही. काका धावत गेले, त्या माणसाला हाक मारून वर बोलावलं, "थांबा, आत जाऊ नका," एवढंच म्हणाले. कारण सांगितलं नाही. त्याला चहा पाजला आणि तासभर बोलण्यात गुंतवून ठेवलं.

"काही झालं नाही रे," काका म्हणाले. "पण त्या दिवसापासून व्हॉल्व्हला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या खिशात."

तर साडेपाच हा आकडा माशांसाठी आहेच, पण त्याहून आधी तो त्या चेंबरमध्ये उतरणाऱ्या माणसासाठी आहे. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला बंदी घातली. गटारात मरणाऱ्यांच्या वारसांना दहा लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं आणि २०२३ मध्ये ते तीस लाख केले. रक्कम वाढवावी लागली, यातच माणसं उतरणं थांबलेलं नाही हे आलं.

गोदावरीसाठी २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, न्यायालयाने नीरीला उपाय सुचवायला सांगितलं. हरित लवादाने २०१९ मध्ये शहरांच्या प्लांटसाठी बीओडीची मर्यादा १० वर आणली. म्हणजे कराराची एक बाजू तिसाहून दहावर आली. चांगलंच आहे. सिंहस्थ आला की या आकड्यांची चर्चा होते. पण दुसरी बाजू, गटारात काय टाकायचं ही, अजूनही प्रत्येक गाळ्यातल्या एका व्हॉल्व्हवर आणि पावसाळी रात्री तो उघडायचा की नाही हे ठरवणाऱ्या एका माणसावर अवलंबून आहे. तपासनीस रात्री दोन वाजता येत नाही.

असो. ट्रंका रिकाम्या केल्या, सगळं रद्दीत दिलं. कन्सेंटची फाइल मात्र काकांनी परत मागून घेतली. का, ते मी विचारलं नाही.

ता.क. घरी परत आल्यावर चकल्यांचं उरलेलं तेल मी सिंकमध्ये ओतायला निघालो होतो. तक्त्यात तेल-तुपाचीही ओळ आहे: गटाराला २०, नदीला १०. घरांना हा तक्ता लागू नाही, हे मलाही माहीत आहे. पण आमच्या सोसायटीचं चेंबर तुंबतं तेव्हा तिथेही कुणीतरी उतरतंच. तेल बाटलीत भरून ठेवलंय.