भरती, तप्त झरे आणि तारापूर

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील काळा कातळ सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा असून, सह्याद्रीच्या माथ्यावर जवळजवळ आडवे असलेले त्याचे थर किनारपट्टीत मात्र पश्चिमेकडे कललेले व भेगाळलेले आढळतात. या प्रदेशाचा इतिहास राजवटींच्या क्रमाने सांगितला जातो, आणि चिमाजी आप्पांच्या मोहिमेत 1739 साली तारापूरचा किल्ला मराठ्यांकडे आला ही घटना त्यात आवर्जून येते. परंतु राजवट कोणाचीही असो, येथील व्यवसायांना लागणारी ऊर्जा चंद्र, सूर्य आणि भूगर्भ यांच्याकडूनच येत राहिली, ही बाब त्या मांडणीत निसटते.

चंद्राचा वाटा भरतीचा. उत्तरेस खंभातच्या आखाताकडे जाताना समुद्र निमुळता होतो, त्यामुळे भरती-ओहोटीतील अंतर वाढत जाते व खाड्यांतून वेगवान ओढ निर्माण होते. कोळ्यांचे डोल, म्हणजे तोंडाशी रुंद आणि मागे निमुळते होत जाणारे पिशवीसारखे जाळे, याच ओढीवर चालते: ते ओढत न्यावे लागत नाही, जागीच बांधून ठेवले की बोंबील व जवळा प्रवाहाबरोबर आपसूक आत येतो. म्हणूनच अमावास्या-पौर्णिमेचे जोरकस उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची मंद भरती, म्हणजे भांग, यांचा हिशेब तिथीवर ठेवला जाई. पुढे वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, टांगलेला बोंबील वाळवण्याचे काम ऊन आणि वारा करीत. मिठागरातही कामाची हीच वाटणी दिसते. खारे पाणी बांधाच्या आत आणते ती भरती, आणि उथळ वाफ्यांत त्याची वाफ करून मीठ मागे ठेवते ते ऊन. वैतरणेसारख्या नद्यांनी डोंगरातून आणलेला गाळ खाड्यांच्या मुखाशी साचून जी खाजणे तयार झाली, त्यांच्याविना हे बांध घालायला सपाट जागाच मिळाली नसती.

भूगर्भातील उष्णता सातिवली, कोकनेर येथील उष्ण झऱ्यांत प्रकट होते. भेगांतून खोल मुरलेले पावसाचे पाणी तेथे तापून वर येते, आणि पृथ्वीच्या अंतर्भागातील उष्णतेचा मोठा हिस्सा युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांच्या किरणोत्सारी क्षयातून, म्हणजे अणुकेंद्रकांच्या आपोआप होणाऱ्या ऱ्हासातून, येतो. 1969 साली तारापूरला देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले, तेव्हा त्याचे इंधनही युरेनियमच होते. फरक इतकाच, की येथे केंद्रक मुद्दाम फोडले जाते आणि त्या उष्णतेने उकळलेल्या पाण्याची वाफ जनित्राचे चक्र फिरवते. कोळशाच्या खाणी दूर, मुंबई व गुजरातची विजेची गरज जवळ आणि थंड करण्यास समुद्राचे पाणी हाताशी, अशी या जागेची सोय होती. येथील वीजनिर्मिती निव्वळ मानवी कर्तबगारी मानणे मात्र अपुरे ठरेल, कारण अशा केंद्रातील सुमारे दोन तृतीयांश उष्णतेची वीज होतच नाही, ती समुद्रालाच रिचवावी लागते.

2005-06 मध्ये तेथे प्रत्येकी 540 मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्यांची भर पडली, आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी व पोफरण ही किनाऱ्यावरील गावे उठवण्यात आली.